पॉइंट वटवण्याआधी त्याचा भाव काढा

"माझ्याकडे 40,000 पॉइंट्स जमलेत, म्हणजे बरेच झाले ना?" क्रेडिट कार्डाचा विषय निघाला की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. नुसत्या आकड्यावरून त्याचं उत्तर देता येत नाही. एका कार्डावर 40,000 पॉइंट्समध्ये लांबचं विमान तिकीट निघतं, दुसऱ्यावर जेमतेम एक इस्त्री हाती पडते. आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा हे दोन्ही पर्याय एकाच कार्डावर असतात. पॉइंटवर किंमत छापलेली नसते. तुम्ही तो कुठे वटवता, त्यावर ती ठरते. म्हणून आधी भाव काढा, मग वटवा.

मी काही वर्षं एका कार्डाच्या रिवॉर्ड विभागात फोनवर बसायचे. "मॅडम, पॉइंट्स संपत आलेत, काहीतरी देऊन टाका," हे वाक्य दिवसभर कानावर पडायचं. वर्षभर जमवलेले पॉइंट्स लोक दोन मिनिटांत कॅटलॉगमधल्या पहिल्या दिसलेल्या वस्तूवर घालवून मोकळे व्हायचे. त्याच वेळी माझ्या समोरच्या स्क्रीनवर त्याच पॉइंट्सचे तिप्पट भावाचे पर्याय असायचे. विचारलं की आम्ही सांगायचो. विचारणारे फार थोडे होते. त्या न विचारणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी एक अट

बिल दर महिन्याला पूर्ण भरणार असाल तरच पुढचं वाचा. हिशोब सरळ आहे. समजा 50,000 चं बिल थकलं आणि व्याज महिन्याला 3 टक्के आहे, तर एका महिन्यात 1,500 गेले. तेवढ्याच खर्चावर चांगल्या कार्डाचे पॉइंट्स फार तर हजाराच्या आसपासचे. शिवाय बहुतेक कार्डांवर थकबाकी राहिली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते आणि पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. 'किमान देय रक्कम' भरली तर लेट फी टळते, व्याज टळत नाही. थकबाकी असेल तर जमलेले पॉइंट्स बिलात वळते करा, भाव कितीही कमी मिळो. तेव्हा तोच पर्याय शहाणपणाचा.

भाव काढायची रीत

कागद घ्या किंवा मोबाइलचा कॅल्क्युलेटर. जी वस्तू किंवा तिकीट हवं आहे, त्याची आजची रोख किंमत लिहा. पॉइंट्सनी घेताना वरून जे पैसे भरावे लागतात, म्हणजे कर, शुल्क, रिडेम्प्शन फी (पॉइंट्स वटवण्याची फी), ते त्यातून वजा करा. उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंट्सनी भागा. झाला एका पॉइंटचा भाव.

एक तिकीट रोखीने 18,400 ला आहे. पॉइंट्सनी घेतलं तर 22,000 पॉइंट्स आणि वर 2,950 भरायचे. 18,400 मधून 2,950 गेले, 15,450 उरले. भागिले 22,000, म्हणजे साधारण 0.70. आता त्याच कार्डाच्या कॅटलॉगमध्ये 9,000 पॉइंट्सचा मिक्सर आहे आणि तोच मिक्सर बाहेर 2,250 ला मिळतो. भाव 0.25. एकाच खिशातले तेच पॉइंट्स, आणि फरक जवळजवळ तिपटीचा. कॅटलॉगमधल्या वस्तूची किंमत मात्र कॅटलॉगमध्ये बघू नका. तिथे ती छापील किंमत असते. बाहेर सवलतीत ती वस्तू कितीला मिळते ते शोधा आणि तोच आकडा हिशोबात घ्या.

हा भाव एकदा कळला की कार्ड किती देतं तेही कळतं. 'दर 150 खर्चावर 4 पॉइंट्स' असं कार्ड घ्या. 0.25 च्या भावाने ते खर्चाच्या 0.67 टक्के परत देतं, 0.70 च्या भावाने 1.87 टक्के. म्हणजे "हे कार्ड चांगलं का?" या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्या वटवण्याच्या सवयीत आहे. वार्षिक फीसुद्धा याच तराजूत घाला. समोर बिनफीचं, सरळ 1 टक्का कॅशबॅक देणारं कार्ड आहे आणि हे 1.87 टक्क्यांचं कार्ड वर्षाला 5,000 फी घेतं. मग फी भरून निघायला वर्षाला पावणेसहा लाखांच्या आसपास खर्च हवा. तेवढा होत नसेल तर बिनफीचं घ्या आणि पुढचा सगळा व्याप विसरा. मी हे मनापासून सांगते. प्रवास न करणाऱ्या माणसाने माइल्सच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या पॉइंट्सच्या, मागे लागू नये. कॅशबॅकला भाव काढावा लागत नाही, तो संपत नाही आणि त्यासाठी सीट शोधावी लागत नाही.

मोठ्या भावाला भुलू नका

माझा भाचा एकदा लॅपटॉप घेऊन धावत आला. "मावशी, बघ, पॉइंटला तीनचा भाव मिळतोय!" बिझनेस क्लासचं तिकीट होतं. रोखीने 1,60,000, पॉइंट्सनी 50,000 आणि वर 10,000 कर. त्याचा भागाकार बरोबर होता, 1,50,000 भागिले 50,000, तीन. मी त्याला एवढंच विचारलं, "पॉइंट्स नसते तर हे तिकीट तू रोखीने काढलं असतंस?" तो म्हणाला, छे, इकॉनॉमीनं गेलो असतो, 40,000 मध्ये. मग त्याचे वाचणारे पैसे 40,000 वजा 10,000, म्हणजे 30,000. भाव 0.60.

पण गोष्ट इथे संपत नाही. झोपून जायला मिळण्यालाही किंमत आहे, ती शून्य धरणं चुकीचं. म्हणून पुढचा प्रश्न: "त्या आरामासाठी तू खिशातून वर किती दिले असतेस?" त्याने विचार करून पंधरा हजार सांगितले. मग तिकिटाची त्याच्यापुरती किंमत 55,000, त्यातून 10,000 वजा, भागिले 50,000. भाव 0.90. हाच त्याचा खरा आकडा. चांगला आहे, त्याने तिकीट काढलं. तीनचा आकडा जाहिरातीतला होता. तुम्ही कधीच न दिलेले पैसे वाचले असं धरू नका.

आणखी एक बारकावा. रोखीने काढलेल्या तिकिटावर विमान कंपनीचे माइल्स आणि कार्डाचे पॉइंट्स दोन्ही मिळतात. पॉइंट्सवर काढलेल्या तिकिटावर सहसा काहीच जमा होत नाही. फरक थोडा असेल तर रोखीनेच काढा, पॉइंट्स राखून ठेवा.

जमवताना कुठे गळती होते

पॉइंट्स येतात कुठून, हे माहीत असलं की बँकेचे नियम पटकन कळतात. तुम्ही कार्ड वापरलं की दुकानदार त्या व्यवहारावर शुल्क भरतो. त्यातला मोठा भाग इंटरचेंज म्हणून तुमच्या बँकेकडे येतो, आणि त्यातलाच तुकडा पॉइंट्सच्या रूपाने तुमच्याकडे. युरोपीय संघाने 2015 मध्ये ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवरच्या इंटरचेंजला 0.3 टक्क्यांची मर्यादा घातली, म्हणून तिथली कार्डं पॉइंट्सच्या बाबतीत हात आखडून असतात. जिथे बँकेला कमी मिळतं, तिथे तुम्हालाही कमी. पेट्रोल, भाडं, सरकारी भरणा, विमा, वॉलेटमध्ये पैसे भरणं यांवर बरीच कार्डं पॉइंट्स का देत नाहीत किंवा कमी का देतात, याचं एक मोठं कारण इथे आहे.

दुकान कोणत्या प्रकारचं, हे ठरतं चार आकडी मर्चंट कोडवरून. किराण्याचा 5411, रेस्टॉरंटचा 5812, पेट्रोल पंपाचा 5541. पिशवीत काय आहे ते बँकेला दिसत नाही, कोड दिसतो. म्हणून सुपरमार्केटमध्ये घेतलेलं भांडं किराण्यात मोजलं जातं, आणि हॉटेलातल्या रेस्टॉरंटचं जेवण राहण्याच्या खर्चात जाऊ शकतं. 'जेवणावर पाचपट पॉइंट्स' म्हणून मोठं बिल भरणार असाल तर त्या ठिकाणी आधी छोटा व्यवहार करा, तो कोणत्या प्रकारात नोंदला गेला आणि किती पॉइंट्स पडले ते बघा. फोनवर असताना आमच्याकडच्या निम्म्या तक्रारी या कोडमुळेच यायच्या, आणि आम्हाला तो बदलता यायचा नाही. कोड दुकानदाराची बँक लावते.

पाचपट, दहापट या शब्दांपुढे बहुधा एक मर्यादा असते: महिन्याला इतकेच जादा पॉइंट्स. ती संपली की त्या महिन्यात दुसरं कार्ड काढा. 'दर 150 ला' असं असेल आणि हिशोब प्रत्येक व्यवहाराचा वेगळा होत असेल तर 149 च्या खरेदीला शून्य आणि 290 ला एकाच टप्प्याचे पॉइंट्स. लहान लहान खरेदी एकत्र केली तर ही गळती थांबते. परदेशी चलनातल्या खर्चावर जादा पॉइंट्स मिळतात खरे, पण चलन बदलाचं शुल्क पुष्कळ कार्डांवर 2 ते 3.5 टक्के असतं. मिळणाऱ्या पॉइंट्सचा भाव त्याहून कमी भरत असेल तर तो खर्च तोट्याचाच. परदेशात मशीनने 'तुमच्या चलनात भरायचं का?' असं विचारलं तर नाही म्हणा, तिथल्याच चलनात भरा. त्या सोयीचा दर जवळजवळ नेहमीच वाईट असतो.

नव्या कार्डाचा जॉइनिंग बोनस मात्र सोडू नका. पहिल्या काही महिन्यांत ठरावीक खर्च केला की जेवढे पॉइंट्स एकदम येतात, तेवढे नेहमीच्या खर्चातून जमवायला कित्येक महिने लागतात. विम्याचा हप्ता, शाळेची फी, घरातलं मोठं उपकरण असा आधीच ठरलेला खर्च जवळ आला की तेव्हा कार्ड घ्यावं. तो खर्च बोनसच्या अटीत धरला जातो का, तेवढं आधी वाचा. बोनससाठी नवा खर्च शोधत हिंडू नका.

ट्रान्सफर: सगळ्यात जास्त भाव इथे, सगळ्यात जास्त जपायचंही इथेच

कार्डाचे पॉइंट्स विमान कंपनीच्या किंवा हॉटेल साखळीच्या खात्यात वळते करता येत असतील, तर उत्तम भाव बहुधा तिथेच मिळतो. पण हा रस्ता एकेरी आहे. बँकेतून विमान कंपनीकडे गेलेले पॉइंट्स परत येत नाहीत. "चुकून ट्रान्सफर झालं, फिरवून द्या," असे फोन यायचे तेव्हा आमच्याकडे खरंच काही बटण नसायचं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर जा, सदस्य म्हणून लॉग इन करा आणि तुम्हाला हव्या त्या तारखेला रिवॉर्ड सीट, म्हणजे पॉइंट्सवर मिळणारी सीट, दिसते का ते बघा. एकच तारीख बघून निराश होऊ नका, मागेपुढे तीनचार दिवस बघा. बऱ्याच कंपन्या प्रवासाच्या साधारण 11 महिने आधी सीट्स खुल्या करतात. सुट्टीच्या हंगामातलं तिकीट हवं असेल तर तेव्हाच बघावं लागतं. सीट दिसली की किती माइल्स आणि वर किती पैसे ते पार पैसे भरायच्या पानापर्यंत जाऊन बघा, आकडा लिहून घ्या, भाव काढा. मग ट्रान्सफरचं प्रमाण बघा. दोन पॉइंट्सला एक माइल मिळत असेल तर माइल्सचा आकडा दुप्पट करून भागायचं, हे विसरलं जातं. एवढं सगळं जमलं तरच ट्रान्सफर. आणि लागतील तेवढेच पॉइंट्स पाठवा. दोन्ही खात्यांवरचं नाव अक्षरशः सारखं हवं, नाहीतर ट्रान्सफर अडकतं. काही ठिकाणी माइल्स मिनिटांत येतात, काही ठिकाणी दिवस लागतात, आणि तोवर सीट गेली तर काय, याचा विचार आधीच करून ठेवा.

माइल्स ज्या कंपनीचे, विमान त्याच कंपनीचं असायला हवं असं नाही. विमान कंपन्यांच्या आघाड्या असतात: स्टार अलायन्स 1997 मध्ये, वनवर्ल्ड 1999 मध्ये आणि स्कायटीम 2000 मध्ये सुरू झाली. आघाडीतल्या एका कंपनीचे माइल्स भागीदार कंपनीच्या विमानात चालतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर माइल्सवर लुफ्तान्साचं तिकीट निघू शकतं. ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया, कतार एअरवेज आणि फिनएअर चौघांचंही चलन एव्हिओस आहे आणि ते एकातून दुसऱ्यात हलवता येतं. याचा उपयोग असा की एकाच विमानातली एकच सीट दोन कार्यक्रमांतून वेगवेगळ्या किमतीला मिळू शकते. फरक बहुधा सरचार्जचा, म्हणजे तिकिटावर वरून लावलेल्या अधिभाराचा असतो. ब्रिटिश एअरवेजच्या लांब पल्ल्याच्या रिवॉर्ड तिकिटांवर तो चांगलाच जड असतो. युनायटेड एअरलाइन्सचा मायलेजप्लस कार्यक्रम रिवॉर्ड तिकिटांवर तो लावत नाही. म्हणून दोन ठिकाणी बघितल्याशिवाय ठरवू नका.

हॉटेलच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: हॉटेलचे पॉइंट्स हॉटेलातच वापरावेत. मॅरियट या हॉटेल साखळीच्या बॉनव्हॉय कार्यक्रमाचे 60,000 पॉइंट्स बहुतेक विमान कंपन्यांकडे पाठवले तर तीनास एक या दराने 20,000 आणि वर 5,000, असे 25,000 माइल्स होतात. क्वचितच परवडतं. उलट त्याच बॉनव्हॉयमध्ये सलग पाच रात्री पॉइंट्सवर घेतल्या तर चारच रात्रींचे पॉइंट्स जातात. चार रात्री राहायचा बेत असेल तर पाचवीचा विचार जरूर करा. हॉटेलची रोख किंमत धरताना मात्र कर धरून जी रक्कम शेवटी भरावी लागते ती घ्या, कारण पॉइंट्सच्या बुकिंगमध्ये अनेक ठिकाणी खोलीवरचा कर भरावा लागत नाही.

अधूनमधून बँका ट्रान्सफरवर 20–30 टक्के बोनस देतात. तिकीट ठरलेलं असेल तर सोन्याहून पिवळं. ठरलेलं नसेल तर निव्वळ बोनससाठी ट्रान्सफर करू नका. बँकेतल्या पॉइंट्सना दहा वाटा मोकळ्या असतात, एकदा एका कंपनीत गेले की एकच.

साठवून ठेवू नका

पॉइंट्सवर व्याज मिळत नाही आणि त्यांचा भाव एका रात्रीत खाली येऊ शकतो. डेल्टा एअरलाइन्सने 2015 मध्ये कुठल्या प्रवासाला किती माइल्स लागतील याचा तक्ताच काढून टाकला, युनायटेडने 2019 मध्ये, मॅरियटने 2022 मध्ये. आता तिथे पॉइंट्सची किंमत मागणीप्रमाणे हलते. कंपनीच बुडाली तर आणखी वाईट. ऑस्ट्रेलियाची अन्सेट 2001 मध्ये बुडाली, जर्मनीची एअर बर्लिन 2017 मध्ये. दोन्हींच्या प्रवाशांचे जमवलेले माइल्स हवेत विरले. मी स्वतः पुढच्या एकदोन प्रवासांपुरते पॉइंट्स ठेवते, त्याहून जास्त साठले की वापरते.

मुदतीचे नियम प्रत्येकाचे वेगळे. क्रिसफ्लायरचे माइल्स मिळाल्यापासून 36 महिन्यांत संपतात, मधे काही व्यवहार केला तरी. ब्रिटिश एअरवेजच्या एव्हिओसना 36 महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर धोका, क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीच्या पॉइंट्सना 18 महिने. दुसऱ्या प्रकारात थोडेसे पॉइंट्स जमा झाले किंवा वापरले तरी मुदत पुढे जाते. प्रत्येक कार्यक्रमाचं नाव, शिल्लक आणि संपायची तारीख एका वहीत लिहा आणि तारखेच्या दोन महिने आधीची आठवण मोबाइलमध्ये लावा. दोन महिने हातात असले की कॅटलॉगची घाई होत नाही.

या घाईवरच भामटे जगतात. 'तुमचे इतके पॉइंट्स आज रात्री संपणार, इथे क्लिक करा' असा मेसेज आला की त्या लिंकवर जाऊ नका. बँकेचं अॅप स्वतः उघडा, तिथे तारीख दिसते. पॉइंट्स वटवून देतो म्हणून कुणी ओटीपी, सीव्हीव्ही किंवा पूर्ण कार्ड नंबर मागितला तर तो बँकेचा माणूस नाही, मग तुमचं नाव आणि पत्ता त्याला कितीही बरोबर माहीत असो. फोन ठेवा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतः करा.

कार्ड बंद करताना

कार्ड बंद झालं की बँकेकडचे पॉइंट्स बहुधा त्याच दिवशी जातात. विमान कंपनीच्या किंवा हॉटेलच्या खात्यात आधीच गेलेले पॉइंट्स राहतात, कारण ते खातं वेगळं आहे. ट्रान्सफर पूर्ण झालं याची खात्री त्या दुसऱ्या खात्यात शिरून करा, बँकेच्या 'विनंती स्वीकारली' या मेसेजवर विसंबू नका. कार्डधारक वारला तर बऱ्याच कार्यक्रमांच्या नियमांत पॉइंट्स वारसाकडे जात नाहीत, काही ठिकाणी मृत्यूचा दाखला देऊन विनंती करता येते. घरात एखाद्याच्या नावावर मोठी शिल्लक असेल तर ते नियम आताच वाचून घ्या, आणि त्या वहीची जागा घरातल्या आणखी एकाला दाखवून ठेवा. शेवटच्या स्टेटमेंटचे पॉइंट्स जमा व्हायला काही दिवस लागतात, तेव्हा ते खात्यात दिसले, वटवले, सगळं बिल भरलं, आणि मगच कार्ड बंद करायचा अर्ज द्या.